न तापणारी शीट

३ नोव्हेंबर, सोमवार

शिरूरला आले एकदाची! खोली मिळाली ती जुन्या मिशनच्या आवारामागं, कृपाबाईंच्या घरात. त्यांना सगळे मावशीच म्हणतात. नर्स होत्या, आता निवृत्त, एकट्याच राहतात. आवाज असा की ओट्यावरून हाक मारली की गल्लीच्या टोकाला दूधवाला सायकल वळवतो. खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावू का, असं भीत भीत विचारलं, तर त्यांनीच हातोडी आणून खिळा ठोकून दिला. बार्शीला आईला फोन केला, म्हटलं, काळजी सोड, मला इथं दुसरी आई मिळालीय. आई जराशी रुसली.

५ नोव्हेंबर

कंपनी न्हावऱ्याच्या रस्त्याला. बाहेरून कांद्याची चाळच वाटते. आत आम्ही रबरात ग्राफीनची काळी भुकटी मिसळून शीट बनवतो. रडारच्या, मोबाइलच्या सूक्ष्मलहरी या शीटवर पडल्या की परत फिरत नाहीत, आतच मुरतात. मुरल्या की त्यांची ऊब होते आणि शीट किंचित तापते. एवढंच आमचं शास्त्र. बाकी दिवसभर मापं घ्यायची आणि हात काळे करायचे. माझ्या आधी इथं गौतमी नावाची मुलगी होती. तिचा चहाचा मग अजून टेबलावर आहे. ती दुसरी नोकरी धरून पुण्याला गेली, असं मालक नवनाथ सर म्हणाले. आपला मग इथंच विसरली म्हणजे फारच घाईत असणार.

१० नोव्हेंबर, सोमवार

मागच्या खोलीत गौतमीनं बनवलेल्या शीट सापडल्या. लहरी सोडणाऱ्या मशीनला लावल्या आणि बघतच राहिले. एकही लहर परत येत नाही. पण गंमत अशी, की त्या तापत नाहीत. कितीही लहरी सोडा, तापमानाची गन तोच आकडा दाखवते. मग ऊब जाते कुठं? सरांना विचारलं तर म्हणाले, गन बिघडलीय. गन नवी आहे, खोक्यातून मीच काढलीय. एका शीटवर मात्र मशीन बंद असताना एक ऊन जागा होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर. कुणीतरी टेकून उभं राहिलं असेल.

या शीटचा कपटासुद्धा सर बाहेर जाऊ देत नाहीत. फॉर्म्युला चोरीला जाईल म्हणतात. मला तर संशय येतो, फॉर्म्युला गौतमीचाच होता आणि यांनी ढापला. फाटकाशी आज एक म्हातारे बसले होते. मागच्या सोमवारी कंपनीत कागद द्यायला आले तेव्हाही होते. भंगारवाला आहे म्हणे. भंगारवाल्याकडं पोतं नको का?

१४ नोव्हेंबर

मावशींच्या घरासमोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्यानंच डोकं दुखतं, झोप लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी किती समजावलं. शेवटी म्हणाल्या, "पोरी, तू लहरी गिळायचंच काम करतीस न्हवं? मग माझ्या भिंतीला लाव की तसलं कायतरी. टावर उशाशी येऊन बसलाय माझ्या."

म्हटलं, मनाचं समाधान. गौतमीच्या दोन शीट योगाच्या मॅटच्या पिशवीत घालून सरळ फाटकातून बाहेर काढल्या. मावशींसाठी न्यायचं तर चांगल्यातलंच न्यावं. त्यांच्या पलंगाशेजारच्या भिंतीला दुहेरी टेपनं उभ्या चिकटवल्या.

१७ नोव्हेंबर

मावशींना गाढ झोप लागतेय. खुशीत मला शेवयांची खीर केली. त्यांच्या खोलीत मोबाइलची रेंज नाही, ते तर होणारच होतं. पण घड्याळ चालू आहे आणि टिकटिक ऐकू येत नाही. ती भिंत दुपारच्या उन्हाची. तरी हाताला गार लागते.

२१ नोव्हेंबर

दूधवाल्यानं विचारलं, मावशी गावाला गेल्या का, हाक येत नाही. मावशी तेव्हा ओट्यावर उभ्या होत्या. हाकाच मारत होत्या. मी शेजारी होते आणि मला पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. त्या म्हणतात, जगच भैरं झालंय. हात बर्फासारखे. शीट काढू या म्हटलं तर चिडल्या, कुठं जरा झोपतेय तर तुला बघवत नाही का. शीट तशाच ठेवल्या. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते सांगता येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फाटकावरच्या म्हाताऱ्यांना गाठलं. भंगारवाले नाहीत. मारुतराव, दौंडचे. गौतमीचे वडील. दर सोमवारी एसटीनं येतात. पोरगी पुण्यात नाही, घरी नाही. "शेवटचा फोन आला तवा हिरीतनं बोलल्यावानी बोलत व्हती," म्हणाले.

सरांकडं गेले. सगळं सांगितलं, शीट नेल्याचंसुद्धा. वाटलं, कामावरून काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या खोलीत कोण राहतं?"

मग सरच सांगू लागले. गौतमी दिवसभर त्या शीटला पाठ टेकून बसायची. एक दिवस नुसती खुर्ची होती. हे पोलिसांना कसं सांगायचं, म्हणाले. मी पळत सुटले.

तोच दिवस, संध्याकाळ

दार उघडं. चहाचा कप ओट्यावर, अजून गरम. चपला आहेत. चष्मा उशीवर. मावशी नाहीत.

हाका मारतेय. तोंड उघडतंय, आवाज—

शीट निघत नाही. साधी टेप होती, मीच लावलेली—

गन लावली. भिंत थंडगार. एक जागा सोडून. तिथं सदतीस अंश. माणसाच्या अंगाइतकं. मावशींच्या खांद्याच्या उंचीवर.

हात ठेवला. आत त्या माझं नाव घेतायत. मोठ्यानं, ओट्यावरून घ्यायच्या तसं.

मीच आणलं हे घरात. मीच. सोडून जाणार नाही, मावशी. नखांनी सोलतेय—

शेजारी आणखी एक जागा. मघाशी नव्हती. एकोणतीस. बत्तीस. चौतीस. माझ्याच खांद्याच्या—