पियूची सात ताटं

॥ श्री ॥
वरची वाडी, उमरठ, ता. पोलादपूर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सोनालीस मामंजींचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझी सासू गुडघा सोडून ठणठणीत आहे. पावटा यंदा चांगला लागलाय. तू म्हणतेस फोन करा. पण वाडीत रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी, आणि तिथे हंडे घेऊन बायका कान देऊन उभ्या. एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलेल्या माणसाने घरातल्या गोष्टी टाकीपाशी ओरडून सांगाव्यात, हे मला पटत नाही. म्हणून पत्र.

मंगळवारी तुझ्या पियूच्या शाळेत महाडहून नाटकवाले आले होते. एक पोरगा भोपळा झाला होता, एक शेवग्याची शेंग, आणि एक मुलगी चुरचुरणाऱ्या कागदाचा झगा घालून वेफरची राणी. पोरांनी काय खावं, काय खाऊ नये ते शिकवायचं म्हणे. पियू हसून हसून लोळली. मी मागे उभा राहून सगळं पाहिलं. नाटक चांगलं होतं, पण फुकट होतं. फुकट म्हटलं की मला चैन पडत नाही.

जाताना त्यांनी प्रत्येक पोराला सात गोल छापलेला एक कागद दिला. गोल म्हणजे ताट. सात दिवस घरी काय खाल्लं ते त्यात काढायचं, खाली नाव घालायचं, आणि सव्वीस जानेवारीला ते परत येऊन त्याच ताटांचं नाटक करणार. आता मला सांग, आमच्या चुलीवर काय शिजतं याची चौकशी नाटकवाल्यांना कशाला? रेशनकार्डाची केवायसी इकडे अजून चालूच आहे. ताट भरलेलं दिसलं की कार्डावरचं नाव उडायला कितीसा वेळ? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे.

काल मुद्दाम महाडला जाऊन आलो. चवदार तळ्याजवळच्या चहावाल्याकडे चौकशी केली. चांगली पोरं आहेत, असं त्याने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा संशय बळावला.

तू काळजी करू नकोस, मी बंदोबस्त केलाय. काय केला ते इथे लिहीत नाही. पाकिटं कशी उघडतात हे टपालवाल्याला कोणी सांगायला नको.

सासू विचारते, तुम्ही दोघं काय जेवता? चि. अनिलला आशीर्वाद. कळावे. इकडचा लोभ आहेच, तिकडूनही तो राहू द्यावा.

कोंडाजी

---

नालासोपारा
२२ जानेवारी २०२५

ती. मामांस सोनालीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. काल पियूच्या सारिकाबाईंनी पालकांच्या ग्रुपवर सगळ्या मुलांचे कागद टाकले. शेजारच्या ओंकारच्या ताटात अंडं आहे, केळं आहे. आमच्या पियूच्या सातही ताटांत एक कप चहा आणि एक कोरी भाकरी. भाकरीची कडही करपलेली काढलीय. मी फोटो मोठा करकरून पाहिला, कुठे मिठाचा खडा तरी दिसतो का.

रागावू नका, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. पावटा चांगला लागलाय म्हणता, मग तो जातो कुठे? आईंना गुडघ्यामुळे चुलीपाशी बसवत नाही आणि तुम्ही ते आमच्यापासून लपवता, असं आहे का? की पियूच आमच्यावाचून जेवत नाही? तुमचा तो बंदोबस्त काय, तेही मला कळलेलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, आईच्या हाताखाली कोणी उपाशी राहिलेलं नाय. पण हे लेकच, आईचीच बाजू घेणार.

मी ठरवलंय, जूनमध्ये पियूला इकडे आणते. चौथीला इथल्याच शाळेत घालू. मी सकाळी सातला कामावर जाते ती अंधार पडल्यावर येते, तरी काहीतरी जमवू. पोर डोळ्यांसमोर तरी जेवेल. हे लिहिताना मला रडू येतंय, पण त्या कागदाने माझी झोप उडवलीय.

आम्ही वेळेवर जेवतो, नेहमीचीच चपाती-भाजी, आईंना सांगा. पियूला पापा. राग नसावा, माया असावी.

आपली सून,
सोनाली

---

॥ श्री ॥
वरची वाडी, उमरठ
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. सोनालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचलं आणि तुझ्या सासूला काहीच सांगितलं नाही. ते चुकलं. त्याआधीचं त्याहून चुकलं होतं.

काल झेंडावंदनानंतर शाळेच्या अंगणात सगळी वाडी जमली. तुझी सासू ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, कारण पियूची ताटं म्हणजे तिची ताटं. ती वेफरची राणी या वेळी गळ्यात मोठी परात अडकवून ताट झाली होती. पोरं एकेक करून आपला कागद परातीवर चिकटवत, आणि त्यातले पदार्थ होऊन नाटकवाले नाचत येत. ओंकारचं अंडं घरंगळत आलं तेव्हा हसून पुरेवाट झाली. मग पियूने कागद चिकटवला. ताटाने उसळीला हाक मारली, भाजीला मारली, ताकाला मारली. कोणीच आलं नाही. त्या मुलीला बिचारीला काय ठाऊक, तिने नाटकातच विचारलं की या घरात वाढणारं कोणी नाही का. सगळ्या बायकांनी वळून तुझ्या सासूकडे पाहिलं.

सोनाली, त्या आठवड्यात तिने पियूला काय वाढलं ते मला पाठ आहे. पावट्याची उसळ, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, दोनदा अंडं, रोज ताक. मीच रोज पियूला समोर बसवून चहा आणि कोरी भाकरी काढायला लावली. हाच माझा बंदोबस्त. करपलेली कड तेवढी तिने आपल्या मनाने काढली, कारण नुसता गोल तिला बघवेना.

पियू माझ्याकडे बघत राहिली. तिला मी गळ्याची शपथ घातली होती, म्हणून ती बोलेना. आठ वर्षांच्या पोरीवर मी ही वेळ आणली, याची मला लाज वाटली. मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ताट भरलेलं होतं, रेशनच्या भीतीने ते मी रिकामं केलं. मागून गोमाजी म्हणाला की त्यानेही नातवाच्या ताटातली कोंबडी खोडायला लावली. मग आणखी तिघं कबूल झाले. सारिकाबाईंनी सांगितलं की कागद शाळेच्या कपाटातच राहतील. मग ते सोनालीच्या फोनवर कसे गेले, असं मी विचारलं, तेव्हा त्या ओशाळल्या. कपाटाचं कुलूप मी ओढून पाहिलं.

तुझी सासू माझ्याशी बोलत नाही. काल माझं ताट पुढे सरकवून निघून गेली. त्यात चहा आणि कोरी भाकरी होती.

पियूला न्यायचं तर ने, तुझी लेक आहे. पण माझ्या लबाडीची शिक्षा तिच्या आजीला देऊ नकोस. पियूने पुन्हा काढलेली खरी ताटं सोबत आहेत. शिवाय हट्टाने एक कोरा कागद घातलाय. तो आईने सात दिवस भरायचा आणि खरा भरायचा, आजोबांसारखा नाही, असं तिने बजावलंय.

कळावे. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

कोंडाजी

---

नालासोपारा
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस व ती. आईंस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पियूची खरी ताटं पाहिली. मी आईंवर संशय घेतला, त्यांचे पाय धरून माफी मागते. तुमच्यावर रागावले होते, पण कपाटाच्या कुलपाचं वाचून हसू आलं.

कागद भरून पाठवतेय. हे म्हणाले, एका तरी ताटात भाजी काढ, आई बघेल. मी पेन्सिल धरून बराच वेळ बसले. पण पोरीने खरं मागितलं होतं. तेव्हा जे खाल्लं ते काढलं. चपाती-भाजी हे मी गेली दोन वर्षं सवयीने सांगत आलेय.

जूनमध्ये पियूला आणत नाही. कोणत्या ताटावर आणून बसवणार होते, ते हा कागद काढताना मलाच दिसलं. आईंना कागद दाखवलाच पाहिजे असं नाही. इथूनही माया तेवढीच आहे, ती गोड मानून घ्यावी.

आपली सून,
सोनाली

---

॥ श्री ॥
वरची वाडी, उमरठ
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सोनालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कागद पोचला. तुझ्या सासूपासून लपवणं आता मला परवडत नाही, म्हणून दाखवला. तिला अक्षर येत नाही, पण चित्रं येतात. सोमवारी वडापाव, मंगळवारी चहा-खारी, बुधवारी पुन्हा वडापाव. गुरुवारचा गोल कोराच. तिने कागद उलटा करून पाहिला, मागे काही काढलंय का. पियूने सांगितलं की आईने विसरून नाय सोडला, ती उपाशी होती.

मग तीन आठवड्यांनी ती माझ्याशी पहिलं बोलली. मला विचारलं की सोनालीनेही तुमच्यासारखं भीतीने कमीच काढलं असेल ना. मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, नाटकवाल्यांवर, चहावाल्यावर, कुलपावरही. या एका कागदावर संशय घ्यायची फार इच्छा होती. जागाच सापडेना. तरी तिला म्हणालो, तसंच असेल. ती उठली आणि नाचणी निवडायला बसली.

तिकडे येणाऱ्या दत्तारामच्या गाडीने नाचणीचं पीठ, कुळीथ, पावटे आणि अंडी भुशात घालून पाठवतोय. अनिलला उतरवून घ्यायला सांग. कळावे. लोभ असू दे, आणि पोटात काही असू दे.

कोंडाजी

ता. क. सासूने कोरा कागद घातलाय. या वेळी गुरुवारपासून भरायला घे.