प्लॅस्टिकच्या पुतळ्याची नाडी

४ फेब्रुवारी
नर्सिंग कॉलेजात प्रॅक्टिकल. संस्थेच्या अध्यक्षांच्या भाचीने सरावाच्या पुतळ्याचं मनगट धरलं आणि ठणकावून सांगितलं, नाडी बहात्तर, नियमित. पुतळा प्लॅस्टिकचा! नापास केली. बेधडक. सहीचं अक्षर वाकडं आलं, पण ते पेनामुळे.

५ फेब्रुवारी
प्राचार्याबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, निकाल पुन्हा एकदा बघा. शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणून काही चीज आहे की नाही, असं तोंडावर विचारणार होतो. पण त्यांच्या तोंडात बिस्किट होतं. खाणाऱ्या माणसाशी वाद घालू नये.

६ फेब्रुवारी
बायकोला राजीनाम्याचं भाषण म्हणून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, आवाज छान लागलाय, आता कॉलेजातही लागू दे. उद्या स्फोट!

७ फेब्रुवारी
स्फोट पुढे ढकलला. प्राचार्याबाईंना सर्दी झालीय.

१० फेब्रुवारी, सकाळ
आज सोक्षमोक्ष.

दुपार
पास केली. दबावाखाली नव्हे, आतून वाटलं म्हणून. जिथे नाडीच नाही तिथे ती जाणवायला कल्पनाशक्ती लागते. शिवाय शैक्षणिक स्वातंत्र्यात पास करायचं स्वातंत्र्यही येतंच.

११ फेब्रुवारी
घात झाला. भाची स्वतःच प्राचार्याबाईंकडे गेली. म्हणाली, आकडा मी ठोकून दिला होता. पुढच्या महिन्यात वॉर्डात खरी माणसं असणार, मला भीती वाटते, नापासच करा. मामांनाही फोन करून सांगितलं. मामा म्हणे गहिवरले. लगेच प्राचार्याबाई म्हणाल्या, प्रामाणिकपणा हेच तर आपल्या संस्थेचं तत्त्व! मग माझ्याकडे वळून विचारलं, पण तुम्ही हिला पास कशी केलीत हो?

१२ फेब्रुवारी
निषेध म्हणून अर्ध्या दिवसाची रजा. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, पोटदुखी. भाचीने जिन्यात गाठून सॉरी म्हटलं. मोठ्या मनाने माफ केलं.

१७ फेब्रुवारी
भाचीला फेरसराव, पण धाकट्या मॅडमकडे. माझ्याकडे 'सहकार्य'. म्हणजे वर्गासमोर कॉटवर पेशंट होऊन पडायचं. तज्ज्ञाशिवाय हे जमत नाही, म्हणून मला निवडलं असावं.
भाची नियमाप्रमाणे म्हणाली, सर, तुमचं बीपी घेते. नको असेल, तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.
सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. नाही म्हणणारच होतो.
बाही वर केली.