खिडकीवर सांगितलेलं नाव

तनू,

तू आत वॉर्डात आहेस आणि मी बाहेर बाकड्यावर बसून लिहितोय. हे तुझ्या हातात देईन असं वाटत नाय.

गेल्या वर्षी पिशोरच्या डॉक्टरांनी शहरातल्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी दिली होती. तुझी सोयरीक जुळत आली होती. म्हणून शहरात आल्यावर मी तुझं खरं नाव असलेली ती चिठ्ठी खिशातच ठेवली आणि इथल्या केसपेपरच्या खिडकीवर तुझं नाव अंबिका सांगितलं. तूही डॉक्टरांपुढं निमूट अंबिका झालीस. पुढच्या तारखेला मी तुला नेलंच नाय.

मग दवाखान्यातल्या बाईंचा फोन आला. "अंबिका का आल्या नाहीत? गोळ्या मधेच बंद करू नका." मी कंपनीत होतो, शेजारी आपल्या गावचा माणूस उभा होता. सगळं आठवत असूनही मी म्हणालो, "इथं अंबिका नावाचं कुणी नाय." परत फोन आला नाय.

तरीही सोयरीक मोडलीच. नंतर तू बोलणंच सोडलंस. चार महिने घरात तुझा आवाज नव्हता.

आज त्याच खिडकीवर बसलेल्या बाईंनी तुला नाव विचारलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "दादा, कोणतं सांगू?"

दादा म्हणवून घेणारा,
विश्वजीत