परात वाजतेय तोवर

बीमिन्स्टर, डॉर्सेट
१० फेब्रुवारी १६३९

चि. सौ. डॉर्कस हीस आईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडे जव धड पिकत नाहीत म्हणून बिअर नाही, आणि तुम्ही सगळे नुसतं पाणी पिता, हे वाचून मी मटकन खालीच बसले. पाणी गुरं पितात गं! जॅबेझला सांग, माझी लेक तुला एवढ्यासाठी दिली नव्हती. जावई गरीब आहे, राग मानायचा नाही.

तू मला तिकडे ये म्हणतेस. तुझे वडील गेल्यापासून या घरात मी आणि माझ्या मधमाश्या, एवढाच संसार उरलाय. आणि तूच लिहितेस की त्या मुलखात मधमाशी औषधालाही सापडत नाही. जिथे माशी नांदत नाही तिथे मी काय मरायला येऊ? म्हणून या जहाजाने माश्यांची माझी दोन पेंढ्याची टोपली पाठवतेय, माश्यांसकट. थंडीत माश्या निजलेल्या असतात, तेवढ्यात नेलेल्या बऱ्या.

सोबत माझी पितळी परात आहे. टोपल्यातून माश्यांचा थवा नवं घर शोधायला उठला की काय करायचं हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. परात बडवत त्याच्यामागे धावायचं. परात वाजतेय तोवर थवा तुझा, मग तो कुणाच्याही अंगणात उतरो. थांबलीस, की सापडेल त्याचा.

माया पुष्कळ पाठवली आहे, वाटेत भिजली तर वाळवून घे.

तुझी आई,
ॲगनेस

सॉल्टर्स क्रीक, न्यू इंग्लंड
२० जून १६३९

ती. आईस डॉर्कसचा शि. सा. न. वि. वि.

टोपली पोचली. एकात समुद्राचं पाणी शिरलं होतं, माश्या सगळ्या मेलेल्या. मी बंदरावरच रडले. दुसऱ्याला कान लावला तर आत बारीक गुणगुण! जॅबेझला दाखवलं तर म्हणतो, सासूबाईंची भुणभुण आहे, लांबूनच ओळखली.

आमच्या चर्चचे कारभारी हिल्काया ट्रॉट मात्र फुगून बसलेत. म्हणाले, नांगीवाली प्रजा आणायला जहाजात जागा होती, चर्चला घंटा आणायला नव्हती. खरंच घंटा नाही गं. प्रार्थनेला बोलवायला ढोल वाजतो, आणि लोखंड-पितळ बडवल्याचा आवाज आला तर तो हल्ल्याचा इशारा, असं ठरलंय. पुरुष प्रार्थनेलाही बंदुका घेऊन बसतात.

इथली मूळची माणसं नदीपलीकडे राहतात. त्यांच्यातली एक बाई मका घेऊन येते. आमचं टोपलं ती बराच वेळ बघत राहिली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, आधी तुमची माशी येणार, मागून तुम्ही येणार, मग आम्ही कुठे जायचं? मी तिचा मका मोजून घेतला. याचं उत्तर तुझ्याकडे आहे का?

पण आता माशी आली आहे ना? मग तूही ये. लोभ आहेच तुझा, तो आता पायांनी चालत येऊ दे.

तुझी डॉर्कस

बीमिन्स्टर
१५ फेब्रुवारी १६४०

चि. सौ. डॉर्कस हीस अ. उ. आ. वि. वि.

लगेच हुरळून जाऊ नकोस. एक टोपलं म्हणजे पाहुणी. पाहुणी मरूही शकते. त्यातून थवा उठून दुसरं टोपलं भरलं, की समजायचं तिने तिथे घर केलं. दोन झाली तर मी येते. हा माझा शब्द.

पण ऐक. या घराचा भाडेपट्टा सप्टेंबरअखेर संपतो. जमीनदाराचा दिवाणजी नवा पट्टा आणणार आहे, तो माझ्या उरलेल्या आयुष्याचा. सही केली की मी इथलीच, कारण दिलेला शब्द मोडण्यातली मी नाही. आणि सही नाही केली, तर छप्पर तरी कुठलं? म्हणून तोवर तुझी बातमी यायला हवी. बातमी खरी हवी. आईला आणायचं म्हणून एकाची दोन करशील तर तुझे कान मी तिकडे येऊन पिळीन.

त्या मकेवाल्या बाईला मध दे. उत्तर नसेल तर निदान तेवढं तरी.

जपून राहा. रागावले तरी आईच आहे.

ॲगनेस

सॉल्टर्स क्रीक
२१ जून १६४०

आई, दोन झाली! आधी हे लिहिलं, नमस्कार मागून करते.

गेल्या रविवारी प्रार्थना चालू होती, मी दाराजवळच्या बाकावर. बाहेर गुणगुण वाढली म्हणून बघते तर आमच्या कुंपणावरून थवा उठलेला आणि जंगलाकडे निघालेला! रविवारी इथे झाडूलाही हात लावायचा नसतो. काम केलं तर सगळ्यांसमोर उभं करतात. मी एकदा उपदेशकांकडे बघितलं, एकदा थव्याकडे. तुझा पट्टा डोळ्यांपुढे आला. उठले, घरी धावले, परात घेतली आणि बडवत सुटले.

इथे पितळ बडवणं म्हणजे हल्ला, हे मी साफ विसरले होते! पुरुष बंदुका सावरत बाहेर, बायका पोरं काखोटीला मारून गढीकडे, आणि ट्रॉट बाकाखाली. हे त्यांच्या बायकोनेच सांगितलं. पुढे मी परात वाजवत, मागे जॅबेझ आणि गावची सगळी फौज, शत्रू कुठाय, शत्रू कुठाय, असं ओरडत. मी नुसतं वर बोट दाखवत होते, बोलायला दम कुठे होता? थवा जंगलाच्या कडेपर्यंत गेला, माझा जीव गेला, आणि तो परत वळला. शेवटी बसला कुठे, तर चर्चच्या दारात टांगलेल्या ढोलावर. दुपारच्या प्रार्थनेला ढोल वाजवायला एक माईचा लाल पुढे येईना.

ट्रॉट तावातावाने म्हणाले, ढोल चर्चचा, म्हणून थवाही चर्चचा. माझा हात सुजला होता, तरी मी परात थांबवली नाही. तेव्हा आपल्याकडून इथे आलेली म्हातारी जोन हॅलेट पुढे झाली. म्हणाली, परात अजून वाजतेय, थवा पोरीचा, आणि डॉर्सेटातली रीत समुद्र ओलांडला म्हणून बुडत नाही. मग आपल्याकडचे सगळेच तिच्यामागे उभे राहिले. आणि ऐक, चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा जॅबेझ मी विणून ठेवलेलं नवं टोपलं घेऊन आला. म्हणाला, ज्याला हक्क सांगायचाय त्याने माश्या ओंजळीत भरून खुशाल घरी न्याव्यात. कुणी पुढे आलं नाही, मग आम्ही दोघांनी थवा त्या टोपल्यात उतरवला. आई, त्या क्षणी मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

रविवार मोडल्याबद्दल आज मला सगळ्यांपुढे उभं केलं, गळ्यात परात अडकवून. मान खाली घालायची असते. मला ते जमलं नाही.

जुन्या टोपल्यातला पहिला मध त्या बाईला दिला. गोड आहे म्हणाली. प्रश्न मात्र तिने परत घेतला नाही.

हे पत्र वेळेत पोचू दे. आता शि. सा. न. आणि तुझ्या शब्दाची आठवण.

डॉर्कस

बीमिन्स्टर
३० सप्टेंबर १६४०

चि. सौ. डॉर्कस हीस आईचे अ. उ. आ.

दिवाणजी काल टेबलावर पट्टा पसरून बसला होता, लेखणी माझ्या हातात होती, आणि दारात तुझं पत्र आलं. मी त्याला थांबवून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग लेखणी ठेवली.

परात तुझ्याकडे, म्हणून पातेल्याचं झाकण घेतलं आणि ते बडवत भर रस्त्यातून निघाले. सगळा गाव बाहेर आला. सप्टेंबरात कधी थवा उठतो का, म्हातारीला भ्रम झाला, असं जो तो म्हणायला लागला. दिवाणजी धापा टाकत मागून आला आणि विचारू लागला, अहो, थवा आहे कुठे? मी म्हटलं, हा काय, तुमच्यासमोर उभा आहे.

हिवाळाभर शेजारणीकडे राहीन. वसंतातल्या पहिल्या जहाजाने निघते. पाणी पिण्याचा सराव आजपासून सुरू केला आहे, जॅबेझला कळव.

जहाज दिसलं की परात घेऊन किनाऱ्यावर ये. गाव बंदुका घेऊन धावला तर धावू दे. मी उतरेपर्यंत हात थांबवू नकोस. परात वाजतेय तोवर थवा तुझा.

तुझी आई,
ॲगनेस