गनीभाईंच्या गावाहून

पवनी, सोमवार, दिवेलागण

शालवाले गनीभाई दर हिवाळ्यात काश्मीरहून येत आणि आमची ओसरीलगतची खोली घेऊन राहत. यंदा थंडी सरत आली तरी आले नाहीत, म्हणून आज मीच फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. बर्फ पडायच्या आधीच ते वारले म्हणाली.

त्यांचं डोंगरातलं गाव मी पाहिलेलं नाही, पण पहाटे नानबाईच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, तंदूरपाशी जमणारी माणसं, पत्र्यांवरून धपकन घसरणारा बर्फ, तो मिठाचा गुलाबी चहा, सगळं तोंडपाठ. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळी माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? “चहात मीठ कायले टाकता, भाऊ?” मी दर वर्षी विचारायची, ते नुसते हसायचे. आता कोणाला विचारू, कायले टाकतात मीठ?

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, “दीदी, सुबह नदी पर अब भी धुंध रहती है? आपके घर का करघा चलता है?”

तिनं पवनी कधी पाहिलेली नाही.

“चलता है,” म्हटलं.

आमचा हातमाग तर हे गेले तेव्हाच बंद पडला. गनीभाई दर हिवाळ्यात तो बंदच पाहत होते. घरी जाऊन तिला चालू सांगत राहिले. मग मीच कायले बंद करू?