लॅबची मशीनं बिघडलीत

सोमवार, ४ मार्च
प्लेटलेट बेचाळीस हजार. हव्यात किमान दीड लाख. लॅबचं मशीन बिघडलंय, दुसरं काय! अठरा वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काटा कधी खोटं बोलतो ते आपल्याला विचारा. लॅबवाल्याला म्हटलं, मशीन शेवटचं कधी तपासलंत? म्हणे, आज सकाळीच. सगळे असंच म्हणतात.

दात घासताना रक्त येतं, कारण ब्रश कडक आहे. मांडीवर जांभळे डाग, कारण वर्कशॉपातलं टेबल वाटेत ठेवलंय. मऊ ब्रश आणायचा. टेबल सरकवायचं. विषय संपला.

मंगळवार, ५ मार्च
आमचा नियम: एकाच रीडिंगवर भरवसा ठेवायचा नाही. तीन घ्यायची, सरासरी काढायची. आणखी दोन लॅबमध्ये रक्त दिलं.

गुरुवार, ७ मार्च
एकोणचाळीस. एक्केचाळीस. म्हणजे तिन्ही मशीनं बिघडलीत! काय कारभार आहे.
सुया टोचलेल्या जागी दोन्ही हात काळेनिळे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. तसं विचारायला कोण बसलंय म्हणा.

सोमवार, ११ मार्च
डॉक्टरीणबाईंनी तिन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि मशीनचं नावही न काढता गोळ्यांबद्दल विचारलं. गोळ्या चुकल्या की एचआयव्ही मोकाट सुटतो, मग प्लेटलेटही पडतात म्हणे. रोज घेतल्या की बहुतेकांच्या वर येतात. मी छातीठोकपणे सांगितलं, घेतो की!

गेल्या तीस दिवसांत एकवीस घेतल्या. नऊच चुकल्या. काट्यात एवढा फरक निघाला तर मी तो भंगारात काढीन, पण माणूस म्हणजे काय काटा आहे? शिवाय ताई नऊ दिवस राहायला आली होती. ती कपाटं आवरते, खिसेसुद्धा उलटे करते. म्हणून गोळ्यांची बाटली वजनांच्या रिकाम्या पेटीत घालून वर्कशॉपात नेऊन ठेवली. परत आणायची राहिलीय.

ताईला सहा वर्षांत सांगितलेलं नाही. सांगणार आहे, चांगला दिवस बघून. जाताना म्हणाली, तुझं घर फार शांत आहे रे.

रक्त थांबलं नाही तर सोबत कोण, असं हॉस्पिटलच्या फॉर्मवर विचारलं होतं. मोठा भाऊ, असं लिहिलं. मोठा भाऊ नाही मला. नंबर माझाच, दुसऱ्या सिमचा. डोकं लागतं!

शुक्रवार, १५ मार्च
संकल्प: रोज सकाळी आठ वाजता गोळी. अलार्म लावला, वाजला, मी उठलो. बाटली वर्कशॉपात, आणि वर्कशॉप उघडतं दहाला. दहानंतर कामाची गर्दी. सोमवारपासून नक्की.

रविवार, १७ मार्च
ताईचा फोन. आज सांगायचंच ठरवलं होतं. तिनं विचारलं, जेवलास का. जेवलो, म्हटलं. आणखी काय, म्हणाली. म्हटलं, मजेत आहे. तीन मिनिटांत संपलं. मग बराच वेळ फोन हातात धरून बसलो. आणखी कुणाचा येणार नव्हता.

सोमवार, १८ मार्च
नाकातून रक्त. चाळीस मिनिटं थांबेना. वर्कशॉपच्या मालकांना म्हटलं, उन्हाचा त्रास. ते म्हणाले, आज तर ढग आहेत. येताना हॉस्पिटलात पुन्हा रक्त तपासायला दिलं. घाबरून नव्हे, मशीन दुरुस्त झालं का ते बघायला.
गोळी गडबडीत राहिली.

मंगळवार, १९ मार्च, दुपारी १२
हॉस्पिटलचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला, तोही नाही. मग तोच फोन दुसऱ्या सिमवर वाजला.

सिस्टर होत्या. पेशंटचे मोठे भाऊ का, असं विचारलं. आवाज जाड करून हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या भावाच्या प्लेटलेट नऊ हजारांवर आल्यात, तो फोन उचलत नाही, एकटा असेल तर आधी त्याच्याकडे जा आणि त्याला घेऊन या.
मी म्हटलं, तो एकटाच असतो. हे म्हणताना आवाज काही जाड राहिला नाही.
सिस्टर हळूच म्हणाल्या, आणखी कुणाचा नंबर आहे का?
ताईचा दिला. पाठ आहे.

साडेबारा
पिशवी भरली. मशीनं बरोबर होती.
ताईचा फोन वाजतोय. आता मजेत आहे म्हणून चालायचं नाही.