घड्याळाचं तोंड भिंतीकडे

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार अक्षरशः साष्टांग आहे. गेले दोन शनिवार मी आणि आमचे इंचराव एका पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर पालथे पडून, हातपाय वर उचलून, नुसत्या पोटावर तोल सांभाळायला शिकतो आहोत. कशासाठी ते सांगते, पण आधी खुर्चीत बस आणि हातातली औषधाची बाटली काउंटरवर ठेव.

आम्ही विमानातून उडी मारायला शिकतोय. पॅराशूट घेऊन, अर्थात. फोनवर सांगितलं असतं तर तू अशी ओरडली असतीस की दुकानातली गिऱ्हाइकं पळाली असती, म्हणून पत्र.

झालं असं की गेल्या महिन्यात डॉक्टरांनी शेवटची तपासणी केली आणि म्हणाले, की मागच्या वर्षीच्या ऑपरेशनचं आता नावही काढू नका, हवं ते खा, हवं ते करा. सव्वीस वर्षांच्या संसारात आणि शाळेतल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हवं ते कर असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. परत येताना बसच्या खिडकीतून त्या उडीच्या शाळेची पाटी दिसली. मी आपलं गमतीत विचारलं, की घालायचं का नाव? आणि जो माणूस चप्पल घेताना तीन दुकानं फिरतो, तळ इंचपट्टीने मोजतो, तो लगेच हो म्हणाला. मीच गार पडले.

वर्गात बाकी सगळे आमच्या लेकीच्या वयाचे. शिकवणारी त्यांच्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी. आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. सुरुवातीच्या उड्यांत ती आपल्याला धरूनच असते. डाव्या मनगटावर एक तबकडी बांधतात, दिसायला थेट घड्याळ, पण दाखवते उंची, आणि काटा उलटा फिरतो. काटा साडेपाच हजार फुटांवर आला की आपण आपल्या हाताने पॅराशूट उघडायचं. नाही उघडलं तर मास्तरीणबाई उघडते, आणि आपण नापास. तिच्याही पलीकडे एक डबी असते, ती शेवटी आपोआप पॅराशूट उघडते. तेव्हा काळजीचं कारण नाही. इंचरावांनी पॅराशूटच्या दोऱ्या मोजल्या आणि दोन दोऱ्यांत पाऊण इंचाचा फरक का, असं विचारून पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला थांबवून ठेवलं.

तुझ्या शिव्यांची वाट बघते. त्यांच्या खाली लोभ असतोच, तो तसाच असू दे.

तुझी,
बारकी

---

१५ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. एरवी एवढे पुरायचे, आता दर शनिवारी एक जादा पाठवत जाईन.

पत्र वाचून मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिले. अगं, तुमची डोकी ठिकाणावर आहेत का? मी साध्या खोकल्याच्या औषधावरसुद्धा गिऱ्हाइकाला दोन इशारे वाचून दाखवते. तुमच्या त्या शाळेने फॉर्मवर काय काय लिहून घेतलं, ते तू वाचलंस तरी का? की नेहमीसारखं शेवटच्या पानावर सही करून मोकळी झालीस? लहानपणी माळ्यावरून उतरायला तुला शिडी धरणारी मी लागायचे. आता शिडी नाहीच म्हणतेस!

आणि इंचरावांना काय झालं? मला वाटलं होतं, त्या घरात निदान एक माणूस तरी मोजूनमापून वागतो.

बारके, थट्टा पुरे. मागच्या वर्षी त्या ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी पाच तास काढलेत. तू आत गुंगीत होतीस, तुला काय ठाऊक! मला पुन्हा तसल्या बाकावर बसायला लावू नकोस. मी रोज मनापासून मागते आहे, की तुम्ही दोघं नापास व्हा. दोघंही, आणि लवकर.

तिथल्या त्या पोरीला सांग, की हिची एक बहीण आहे आणि ती फार वाईट आहे.

तुझी काळजीने अर्धी झालेली (वजन तेवढंच आहे),
ताई

---

९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं मागणं अर्धं फळलं. मी पास, इंचराव नापास. तेही दोनदा.

आधी माझं ऐक. विमानाचं दार उघडलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. मग आम्ही बाहेर पडलो आणि वाऱ्याने गाल कानापर्यंत गेले. पण मनगटाकडे मी दर चार सेकंदांनी बघत होते, आमच्या शाळेत घंटा द्यायच्या आधी बघते तशी. काटा साडेपाचवर आला, मी ओढलं, आणि एक जोराचा हिसका बसून सगळा आवाज बंद झाला. ताई, वर इतकी शांतता होती की मी एकटीच मोठ्याने हसले ते मलाच ऐकू आलं. वर्षभरात पहिल्यांदा मला पोटावरच्या टाक्यांचा विसर पडला. इतकी खूश मी कधी झाले होते, आठवत नाही.

आता ह्यांचं. प्रत्येक उडीचं चित्रण नंतर टीव्हीवर दाखवतात. पहिल्या उडीत मास्तरीणबाई बोटाने मनगट दाखवते आहे, तर हे तिला अंगठा वर करून छान चाललंय म्हणून सांगताहेत. शेवटी तिनेच उघडलं. दुसऱ्या खेपेला तर तिने ह्यांचा हात धरून डोळ्यांसमोर आणला. नजर मनगटापर्यंत येते आणि तिथून घसरून लांब कुठेतरी जाते. पुन्हा तिनेच उघडलं. डोळे तपासून आणले, डोळ्यांत काही दोष नाही. शाळेचा नियम असा, की एकाच पायरीवर तीनदा अडकलं की नाव कमी. ह्यांची तिसरी उडी तेवीस तारखेला, रविवारी. त्या दिवशी हे बाद झाले तर मीही सोडणार. जोडीने नाव घातलं, जोडीनेच काढू. पण खरं सांगू? मला सोडायचं नाहीये गं.

दोष माझाच आहे. ह्यांची सुतारकामाची कार्यशाळा आमच्या खोलीच्या बरोबर खाली. सव्वीस वर्षं मी जमिनीवर टाच आपटते. एक ठोका चहाचा, दोन जेवणाचे. ह्यांना घड्याळ बघायची वेळच आली नाही. मनगटावरचं होतं ते वर्षापूर्वी कुठेतरी हरवलं म्हणे. नवीन घ्या म्हटलं तर घेतही नाहीत. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं म्हणून दुरुस्तीला खाली नेलं, ते वर्षभर तिथेच आहे, भिंतीकडे तोंड करून.

म्हणून गेला आठवडा मी टाच आपटणं बंद केलं, म्हटलं लागू दे सवय. तर परवा चार वाजता जेवायला वर आले. न्हाव्याच्या बंद दाराशी अर्धा तास उभे होते. लाकूड चिकटवायचा सरस चुलीवर जळून कोळसा झाला. आणि वाण्याच्या दुकानात समोर हे भलंमोठं घड्याळ टांगलेलं असताना वाण्यालाच किती वाजले म्हणून विचारत होते! वाण्यानेच मला सांगितलं. मी हसले, पण घरी येईपर्यंत माझं हसू गेलं.

तुला काही सुचतं का बघ. तुझ्यासारखी भांडकुदळ बहीण ज्याला आहे त्याने हात टेकून कसं चालेल? उत्तर लवकर धाड. लोभ तर तुझ्याकडे मुबलक आहे, थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
बारकी

---

१४ मार्च

श्री. इंचराव यांस,

स. न. वि. वि. यातला विनंतीचा भाग या वेळी खरा आहे. पत्रासोबतची पुडी आधी उघडा. आत तुमचं घड्याळ आहे. ते हरवलं नव्हतं, माझ्या काळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. तुम्ही मागितलं नाहीत, मी दिलं नाही.

बारकीचं पत्र आलं. तिला वाटतं तुम्हाला सवय नाही. तिला बिचारीला काय माहीत! त्या दिवशी ती आत होती आणि बाकावर आपण दोघं होतो. डॉक्टरांनी दोन तास सांगितले होते. तिसरा तास लागला तसे तुम्ही एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एकदा मनगटाकडे बघायला लागलात, मिनिटामिनिटाला. चौथ्या तासाला तुमचा हात थरथरत होता. ज्या हातातली करवत सूतभर इकडची तिकडे होत नाही, तो हात! माझ्याच्याने बघवेना. मी घड्याळ काढून घेतलं, तुम्हाला भिंतीकडे पाठ करून बसवलं आणि दटावलं, की आता घड्याळाकडे अजिबात बघायचं नाही, मी सांगेन तेव्हाच बघायचं. तुम्ही शहाण्या मुलासारखे ऐकलंत.

मग पाचव्या तासाला डॉक्टर बाहेर आले, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि आपण दोघं रडलो. त्या गडबडीत सांगायचं राहूनच गेलं, इंचराव. तुम्ही वर्षभर माझं ऐकत बसला आहात.

एक कबुली देते. हे सगळं ध्यानात आल्यावर मी तीन दिवस पत्र लिहिलं नाही. मनात आलं, गप्प बसावं. तुम्ही तिसऱ्यांदा नापास व्हाल, तीही सोडेल, दोघं जमिनीवर राहाल आणि मी सुखाने जगेन. पण तिचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, ती वर मोठ्याने हसली ते. मागच्या वर्षी मी तेवढंच तर मागत होते, की ही पुन्हा हसू दे. आता हसतेय तर ती किती फुटांवर हसते याची मी तक्रार कशी करू?

तर राहिलेलं आज सांगते. आता बघा.

सेल नवीन घातला आहे. पट्टा जुनाच आहे, जपून बांधा. आणि बारकीला त्या दिवसाचं सगळं सांगा. मी सांगितलं तर ती माझ्याशी भांडेल, त्यापेक्षा तुमच्याशी भांडलेली बरी.

हे पत्र पोचल्याचं कळवलं नाहीत तरी चालेल, पण रविवारचं कळवाच.

आपली,
ताई

---

२४ मार्च
सकाळी सात वाजून बारा मिनिटं (बघून लिहिलं आहे)

ती. ताईंस,

सा. न. वि. वि. मला गिऱ्हाइकाला कपाटाचा अंदाज लिहून देण्यापलीकडे लिहायची सवय नाही. चूकभूल माफ करावी.

घड्याळ पोचलं. पहिल्या दिवशी बांधलं आणि शर्टाची बाही वरून ओढून घेतली. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ही आधी भांडली, वर्षभर एकट्याने हे पोटात ठेवलंत म्हणून. माझ्यावर ओरडून झाल्यावर तुमच्यावर ओरडली. मग बराच वेळ माझा हात धरून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ वर आणून टांगलं. त्याला काही झालेलं नव्हतं. मागे पडतं हे मी खोटं सांगितलं होतं. त्यानंतर रोज थोडं थोडं बघत गेलो. सुरुवातीला घाम यायचा.

काल उडी झाली. दहा हजारांवर एकदा बघितलं, आठवर बघितलं. सातवर हात थरथरायला लागला. बाकावर थरथरला होता तसाच. मास्तरीणबाईने अजून बोटाने मनगट दाखवलं नव्हतं. मला तुमचं वाक्य आठवलं आणि मी काट्याकडे बघत राहिलो. साडेसहा, सहा, साडेपाच. ओढलं. सूतभर कमी नाही की जास्त नाही. उतरताना बसकण मारली, ती मापात धरत नाहीत. पास.

पण ताई, एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. ही माझ्यामागून उडी मारणार होती. विमान आणखी एक फेरी घेणार होतं, आणि तोवर मला खाली एकट्याने थांबायचं होतं. मैदानाच्या कडेला बसायला एक बाक आहे. मी बसलो नाही. बाही वर सारली आणि एकदा घड्याळाच्या काट्याकडे, एकदा वर, असा उभा राहिलो. नऊ मिनिटं लागली. नऊच्या नऊ मिनिटं मी बघितली. मग ती दिसली, उघडलेली, आणि इतक्या वरून तिचं हसणं ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही या. बाकावर बसू नका, माझ्याशेजारी उभ्या राहा. लोभ मी मोजलेला नाही. आहे तेवढा राहू द्यावा, वाढला तर जागा करतो.

आपला,
इंचराव

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत मी वाचलं, आणि हे मी लिहितेय, बारकी. तुझ्याशी भांडण समोरासमोर करीन, ये तू. तुझ्या त्या घड्याळाने मात्र मला वात आणलाय. आज संध्याकाळी पाचला दोन मिनिटं कमी असतानाच खालून छतावर काठीचा एक ठोका पडला. मी म्हटलं, काय हो झालं? तर म्हणे, काही नाही, चहाची वेळ झाली, वर येऊ का?